आजारावरचं संशोधन नाटकातून कसं पोहोचवावं

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी. पण हे नाव काढलं की घरात एकच अर्थ लागतो: डॉक्टरांनी हात टेकले. हा समज पत्रकं वाटून जात नाही. इंदूरला रामबागेत गणपतीच्या मांडवात पंचवीस मिनिटांचं नाटक केलं, तर लोक निदान बोलू लागतात.

आधी संशोधनातली एकच गोष्ट निवडा. समजा, २०१० साली प्रसिद्ध झालेला बोस्टनचा अभ्यास घेतला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेले १५१ रुग्ण त्यात होते. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं जगणं जास्त सुसह्य झालं आणि नैराश्य कमी दिसलं. त्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने होतं, इतरांचं ८.९. पण हा एका प्रकारच्या कर्करोगाचा, एका ठिकाणचा अभ्यास आहे. ‘आयुष्य वाढतं’ असं आश्वासन कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका. आकडे नाटकानंतर डॉक्टर सांगतील.

मग रुग्णांना आणि घरच्यांना भेटा, परवानगी घेऊन ऐका. टोरोंटोत स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावर नाटक झालं, त्याची संहिताही आजारी स्त्रिया आणि डॉक्टर यांच्या बोलण्यावरच उभी होती. आपल्याकडे मात्र एक काळजी जास्त घ्यावी लागते. चार गल्ल्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून गाव, नोकरी, नाती बदला आणि दोन-तीन घरांचं मिळून एक घर करा.

संहितेत भाषण नको. दीर म्हणतो, “वहिनी, केमो चालू असताना त्या डॉक्टरांकडे आत्ताच कशाला?” आतल्या खोलीतून बाबा विचारतात, “मला रात्रभर झोप नाही, हे कुणी विचारलंत का?” माझ्या मते प्रवेश इथेच थांबवावा. उत्तर प्रेक्षकांना शोधू द्या.

तालीम कर्करोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ज्यांचं ऐकलंत त्यांनाही. त्यांना एखादं वाक्य खटकलं तर वाद न घालता काढून टाका.

प्रयोगाआधी विषय स्पष्ट सांगा. कुणाच्या घरी हे आत्ता चालू असेल, कुणाचं माणूस नुकतंच गेलं असेल. चर्चेला किमान अर्धा तास ठेवा, आणि डॉक्टरांनी आधी ऐकावं, मग बोलावं. समुपदेशन जाणणारी एखादी ताई दाराजवळ बसवा. कुणी मधेच उठून बाहेर गेलं, तर तिने पाण्याचा पेला घेऊन मागोमाग जावं.