दुसरी-तिसरीतलं मूल पुस्तक खाली का ठेवतं, आणि घरी काय करावं

पहिलीत असताना रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचणारं मूल दुसरी-तिसरीत आलं की पुस्तकाकडे फिरकत नाही, ही तक्रार घरोघरी असते. मोबाइलला दोष देऊन मोकळं होता येतं, पण बऱ्याचदा अडचण दुसरीकडेच असते. आठ वर्षांच्या मुलाला ऐकून जेवढी गोष्ट कळते, तेवढी स्वतः वाचता येत नाही. ऐकताना त्याला राजवाड्यातली कारस्थानं, समुद्रातली वादळं, पडक्या वाड्यातलं भूत, सगळं झेपतं. स्वतः वाचायला बसलं की हाती येतं 'बाबा आले, पाणी आण.' त्यात मन रमायचं कसं? हे अंतर मिटायला बरीच वर्षं लागतात. तोवर गोष्टीची भूक मरू न देणं हे घरातल्या मोठ्यांचं काम.

त्यामुळे मुलाला वाचता यायला लागलं, म्हणून वाचून दाखवणं थांबवू नका. बहुतेक घरांत ते नेमकं तिथेच थांबतं. चौथी-पाचवीपर्यंत चालू ठेवा. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी दीड तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. वेळ शक्यतो झोपण्याआधीची ठेवावी. आई-बाबांना उशीर होत असेल तर आजी-आजोबांनी वाचावं. मूल शेजारी बसलेलं असावं, म्हणजे त्याची नजर ओळींवरून आणि चित्रांवरून फिरत राहते. पुस्तक त्याला स्वतः वाचता येईल त्यापेक्षा एक-दोन इयत्ता पुढचं घ्या आणि आधी स्वतः चाळून बघा. कंटाळवाणं वर्णन असेल तर ते खुशाल गाळा. थांबायचं ते गोष्ट रंगात आल्यावर, आणि पुस्तक मुलाच्या हाताशी उघडं ठेवून. पुढचं पान ते चोरून वाचेल अशी दाट शक्यता असते.

गोष्ट संपल्यावर 'काय बोध घेतलास?' हे विचारू नका. एखादा सिनेमा पाहून आल्यावर आपण जसं बोलतो तसं बोला: 'तो वाणी लबाडच होता, नाही?' मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर दोन शब्दांत सांगून पुढे चला. शब्दकोश काढायची ही वेळ नव्हे.

मुलाने स्वतः वाचायचं ते यानंतर पाचेक मिनिटं, जोडीने. सोपं पुस्तक घेऊन दोघांनी एकत्र, मोठ्याने सुरुवात करायची. वेग मुलाचा. एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने टिचकी वाजवायची आणि तुम्ही गप्प व्हायचं. ते अडलं तर मनात चार आकडे मोजा, तरी जमलं नाही तर शब्द सांगून टाका. त्याने तो म्हणायचा आणि पुढे जायचं. मग पुन्हा टिचकी वाजेपर्यंत दोघं एकत्र वाचा. 'नीट बघ', 'कालच सांगितलं होतं ना' ही वाक्यं इथे नकोत. 'घरी'च्या जागी 'घरात' वाचलं आणि अर्थ बिघडला नाही, तर सोडून द्या.

मराठी वाचताना मुलं ठरावीक ठिकाणी अडखळतात, ती ठिकाणं माहीत असलेली बरी. एकटा 'र' बघा: 'सूर्य', 'दुसऱ्या', 'प्राणी', 'राष्ट्र' या चार शब्दांत तो चार रूपांत येतो. 'झालं'चा अनुस्वार अक्षरशः वाचला की 'झालम' होतं, हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांत सर्रास दिसतं. 'चिमणी'तला च आणि 'चमचा'तला च, 'जीव'मधला ज आणि 'जहाज'मधला ज लिहिताना सारखेच, बोलताना वेगळे. मूल अक्षर बरोबर वाचतं आणि तरी उच्चार चुकतो. त्यावर घरात एकदा हशा झाला की मोठ्याने वाचणं बंद पडतं. योग्य उच्चार फक्त म्हणून दाखवा.

लांबलचक शब्दांची गोष्ट निराळी. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे 'शाळेसमोरच्यांनासुद्धा' असा डबे जोडलेला शब्द समोर आला की मूल घाबरतं. शब्दाचा शेवट अंगठ्याने झाका आणि अंगठा हळूहळू सरकवा: शाळे, समोरच्यां, ना, सुद्धा. चार-पाच वेळा असं केलं की मूल स्वतःच अंगठा ठेवू लागतं.

घरी मराठी बोलणाऱ्या पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांची पंचाईत आणखी वाढते. तिसरीतल्या मुलाची देवनागरी पहिलीतल्यासारखी असते, पण पहिलीचं पुस्तक त्याला बाळबोध वाटतं. अशा वेळी चित्रकथा, कोडी, विनोद, क्रिकेटपटूंची माहिती द्या: मजकूर थोडा, विषय वयाला साजेसा. परदेशात महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांनाही हेच लागू पडतं.

पुस्तक झेपेल का, हे पाहायला पाच बोटांची चाचणी पुरते. मधलं एखादं पान उघडा. न वाचता आलेल्या किंवा न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं. ते परत ठेवायला लावू नका, कारण मुलाला ते हवंहवंसं वाटलं आहे. पानावर दहा-बाराच शब्द असतील तर चार-पाच पानं मिळून मोजा.

पुस्तकांसाठी फार पैसे लागत नाहीत. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मांडलेल्या आहेत, त्या उतरवून छापता येतात. लहान मुलाला पडद्यावर वाचायला देण्यापेक्षा छापूनच घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. गावातल्या वाचनालयात बालविभाग आहे का, विचारून बघा. असेल तर मुलाच्या नावाने वेगळं खातं उघडा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. चार पुस्तकांत तीन त्याच्या आवडीची, एक तुमच्या. भुताखेतांची तीनही घेतली तरी कपाळाला आठी नको. तेच पुस्तक दहाव्यांदा वाचत असेल तर वाचू द्या, वेग अशानेच येतो.

घरात आणलेली पुस्तकं काचेच्या कपाटात गेली की संपली. पाच-सहा पुस्तकं मुलाच्या हाताच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा आणि दर आठवड्याला दोन-तीन बदला. एक नेहमी प्रवासाच्या पिशवीत असू द्या.

बक्षिसांपासून जपा. 1973 मध्ये अमेरिकेत एका बालवाडीत झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधीच सांगितलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. वाचनाच्या तक्त्यावर चांदण्या चिकटवण्याचंही हेच होऊ शकतं. 'वीस पानं वाच, मग मोबाइल' हा सौदा तर सर्वांत वाईट, कारण त्यात पुस्तक कडू औषध ठरतं आणि मोबाइल त्यावरची साखर. द्यायचंच असेल तर त्याच मालिकेतलं पुढचं पुस्तक द्या. पाहुण्यांसमोर वाचून दाखवायला लावणं, खोडी केली म्हणून वाचायला बसवणं, घरी पुस्तकाचा सारांश लिहून घेणं, यांतलं काहीही करू नका.

तीन-चार महिने हे नियमित चालूनही मूल ओळ सोडून खाली जात असेल, पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल किंवा वाचल्यावर डोकं दुखतं म्हणत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. तिसरी संपत आली तरी 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध' यांची सतत गल्लत होत असेल आणि ऐकलेलं मात्र व्यवस्थित कळत असेल, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेच्या (डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनातल्या अडचणींच्या) तपासणीसाठी कुठे जायचं ते विचारून घ्या. तपासणी होईपर्यंत स्वतः वाचण्याचा आग्रह बाजूला ठेवा, पण रात्रीचं वाचून दाखवणं चालू असू द्या.