स्टुटगार्टात बिऱ्हाड थाटताना

चावी हातात पडली की सामान नंतर लावा, आधी घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव लावा. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्डसुद्धा परत जातं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. चपला मात्र दाराबाहेर नकोत. जिना ही आग लागल्यावर पळायची वाट, तिथे चपलांचं कपाट ठेवलं की घरमालकाची चिठ्ठी आलीच.

आवाजाचा नियम साधा आहे: रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता. रविवारी डोसे करायचे तर पीठ शनिवारी दुपारीच वाटून ठेवा. जुन्या इमारतींत ओटा भिंतीला टेकलेला असतो आणि मिक्सरची घरघर थेट शेजारच्या खोलीत पोचते. खाली रबरी मॅट घाला. टॉवेलची घडी नको; बहुतेक मिक्सर खालून हवा घेतात, मोटर तापते. भिंतीला ड्रिल मारणं रविवारी विसराच. लहान मूल रडलं तर कोणी काही म्हणत नाही.

गणपतीची आरती किंवा वाढदिवस असेल तर चार-पाच दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: तारीख, वेळ, तुमचं नाव, फोन नंबर. चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे. दहा वाजले की खिडक्या बंद, झांजा बंद. आपल्याकडे शेजारी दार वाजवून भांडतो आणि दुसऱ्या दिवशी साखर मागायला येतो. इथे तो काही न बोलता तारीख-वेळ टिपून ठेवतो आणि थेट घरमालकाला लिहितो. म्हणून कानावर घालायचं ते आधीच घालावं.

खरी भांडणं होतात ती बुरशीवरून. कुकरची वाफ, फोडणी, घरात वाळणारे कपडे यांनी आपल्या घरात ओलावा जास्त असतो. थंडीत बहुतेक जण खिडकी दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवतात, आणि तिथेच चुकतं: खोलीतली हवा नीट बदलत नाही, खिडकीजवळची भिंत मात्र गार पडते, तिच्यावर वाफ जमते आणि काळे ठिपके येतात. त्याऐवजी हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा, कडाक्याच्या थंडीत ५ मिनिटं, एरवी १०, दिवसातून दोन-तीनदा. स्वयंपाक करताना त्या खोलीचं दार लावून घ्या आणि तो झाल्या झाल्या खिडकी उघडा. शेगडीवरची चिमणी बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीत सोडते. त्यामुळे वाफ तिथेच राहते आणि फिल्टर वेळेवर बदलला नाही तर वासही. बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतो. धूप, कापूर त्याच्याखाली नको. त्रास झाला म्हणून बॅटरी मात्र काढू नका.

स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर, पण झाडलोटीच्या बाबतीत नातं काही जुळत नाही. श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या या भागात, 'केअरवोखे' म्हणजे झाडलोटीचा आठवडा असतो. ज्या आठवड्यात दाराला तशी पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना तुमचा. आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत झाडा, ओल्या फडक्याने पुसा, कठडाही पुसा, मग पाटी पुढच्या दाराला लावा. जिना आधीच चकचकीत असला तरी झाडायचा. पगारी माणूस ठेवला तरी चालतं, काम वेळेत झालं म्हणजे झालं.

कचऱ्याचं थोडक्यात: काचेच्या बाटल्या-बरण्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाका, निळी काच हिरवीच्या डब्यात, रविवारी नाही. तळणीचं उरलेलं थोडं तेल गार करून झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणी 'रेस्टम्युल'मध्ये, म्हणजे वर्गवारी करून उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, बेसिनमध्ये ओतू नका. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली चेपली आणि बारकोड वाचता आला नाही तर दुकानातलं बाटल्या परत घेणारं मशीन ती घेत नाही.

न सांगता कोणाकडे जाऊ नका. ओळख करायची तर शेजाऱ्याचं पार्सल ठेवून घ्या, संध्याकाळी तो घ्यायला येतोच. जिन्यात भेटला की हॅलो म्हणा, वयस्कर माणसाला 'हेर' (श्री) किंवा 'फ्राउ' (श्रीमती) लावून आडनावाने हाक मारा. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आदल्या दिवशी देऊ नका, इथे तो अपशकुन समजतात.