सीओटू ते मिथेनॉल: पीएचडीला येण्याआधी एवढं वाचा

नेट-जेआरएफ काढून लॅबला नवीन पोरं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, सर नवीन कॅटॅलिस्ट (रिअॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) कुठला बनवायचा? मी म्हणतो थांब जरा, आधी इक्विलिब्रियम, म्हणजे रिअॅक्शन जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकते ते, काढून आण. सीओटू (कार्बन डायऑक्साईड) अधिक हायड्रोजन म्हणजे मिथेनॉल आणि पाणी, ही उष्णता सोडणारी रिअ‍ॅक्शन, त्यामुळे तापमान वाढवलं की वेग वाढतो पण मिथेनॉलची कमाल मर्यादाच खाली येते, आणि वर शेजारी दुसरी रिअ‍ॅक्शन कार्बन मोनॉक्साईड काढत बसते ती वेगळीच. २५० डिग्री, ५० बार दाबाला एका फेरीत जेमतेम पाव हिस्सा सीओटू वापरला जातो. कॅटॅलिस्ट कितीही भारी असू दे, तो तिथपर्यंत लवकर पोचवतो, पुढे नाही नेत. म्हणून प्लँटमध्ये उरलेला गॅस परत फिरवतात.

कॅटॅलिस्ट म्हणाल तर तांबं, झिंक ऑक्साईड आणि अ‍ॅल्युमिना, १९६०च्या दशकापासून हेच त्रिकूट चालू आहे. बनवायला सोपं वाटतं, धातूंचे क्षार पाण्यात विरघळवून एकत्र साका म्हणून खाली पाडायचे, धुवायचे, भाजायचे. पण पीएच जरा हलला किंवा धुण्यात सोडियम राहिलं की सगळा खेळ बिघडतो, आणि ३०० डिग्रीच्या वर नेलं की तांब्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, मग अ‍ॅक्टिव्हिटी गेलीच समजा. रिड्यूस केलेला (हायड्रोजनने ऑक्सिजन काढून घेतलेला) कॅटॅलिस्ट लगेच हवेत काढू नका, भसकन तापतो.

खरा वेळ मात्र जातो जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर. रिअ‍ॅक्टरपासून जीसीपर्यंतची लाईन गरम ठेवली नाही तर मिथेनॉल आणि पाणी वाटेतच थंड होऊन बसतं, जीसीच्या आलेखात मिथेनॉलचा पीक (उंचवटा) छोटा दिसतो आणि तुम्ही कॅटॅलिस्टला शिव्या घालता. कार्बन बॅलन्स रोज काढा, जेवढा कार्बन आत गेला तेवढा बाहेर दिसतोय का बघा. फोटोकॅटॅलिसिसवाल्यांनी (प्रकाशावर रिअॅक्शन चालवणाऱ्यांनी) तर सीओटूऐवजी आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडून एक रन घ्यायलाच हवा, कारण उत्पादन एवढं कमी असतं की कॅटॅलिस्टवर बनवताना राहिलेला सेंद्रिय कचराच मिथेन म्हणून मोजला जातो. जमलं तर कार्बन-१३ या जड कार्बनचा सीओटू वापरा, उत्पादनातला कार्बन त्यातूनच आला का ते कळतं, महाग पडतो पण वाद मिटतो.

घरचे विचारतात याचं पुढे काय, तर आईसलँडमध्ये स्वार्टसेंगीला २०१२ पासून भूगर्भातल्या उष्णतेच्या वीज केंद्राच्या सीओटूपासून मिथेनॉल बनवायला सुरुवात झाली, प्लँटची क्षमता पुढे वर्षाला ४,००० टनांपर्यंत नेली. अडचण हायड्रोजनची आहे. एक टन मिथेनॉलला साधारण १९० किलो हायड्रोजन लागतो, तो पाण्यातून काढायचा तर १० हजार युनिटच्या आसपास वीज जाते, आणि ती वीज कोळशाची असेल तर एवढा खटाटोप कशाला?

लॅब निवडताना पेपर किती ते नंतर बघा. हाय प्रेशर रिअ‍ॅक्टर तुमच्या वाट्याला आठवड्यातून किती दिवस येईल, जीसी बिघडला तर कोण दुरुस्त करतं आणि सीओचा (विषारी कार्बन मोनॉक्साईडचा) अलार्म चालू आहे का, हे गाईडला नाही, तिथल्या सीनियरला विचारा, चहाच्या टपरीवर.