ओल, लोणा आणि चुना

2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीतल्या जुन्या घरात कमरेएवढं आलं. पाणी ओसरलं, पण ओल राहिली. मी दिवाळीच्या आधी घाईनं भिंतीला पुट्टी लावली, वर रंग मारला. उन्हाळ्यात सगळ्याचे पोपडे पडले आणि खाली लोणा, म्हणजे भिंतीतल्या क्षारांची पांढरी भुकटी, फुलला. त्यात दोन रविवार आणि बरेच पैसे गेले. आईला फार वाईट वाटलं.

शेजारच्या वयस्कर गवंडीकाकांनी भिंतीवर बोटं ठोकून पाहिली. म्हणाले, "विटा चुन्यात बांधलेल्यात पोरा. वरनं सिमेंटचा गिलावा मारलाय, ओल बाहेर पडणार कुठनं?"

मग छिन्नी-हातोड्यानं कमरेच्या वर हातभर उंचीपर्यंतचा गिलावा काढला. लोणा कोरड्या ब्रशनंच झाडला; पाण्यानं धुतला असता तर क्षार पुन्हा विटेत मुरले असते. त्यानंतर खिडक्या उघड्या ठेवून भिंत मे अखेरपर्यंत वाळवली. हा काळ सगळ्यात अवघड, घरभर धूळ आणि उघड्या विटा.

मग नवा गिलावा चुन्याचाच केला: एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. चुना डोळ्यांना, कातडीला भाजतो, त्यामुळे चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. पहिला थर मी जाड दिला, त्याला भेगा गेल्या. तो खरवडून पातळ थर दिले, प्रत्येक थर ओल्या पोत्यानं झाकून सावकाश सुकू दिला. वर फक्त चुन्याची सफेदी, ऑइल पेंट अजिबात नाही.

दोन पावसाळे झाले, पोपडा नाही. देवघराचा कोपरा मात्र अजून दमट आहे. तिथला गिलावा या उन्हाळ्यात काढणार.