मोठा बो केसांत टिकत नाही? या चुका टाळा

मोठा बो, म्हणजे केसांत लावायची फुलपाखराच्या आकाराची कापडी गाठ, घसरला की सगळ्या जणी क्लिपला नावं ठेवतात. मग दुसरी क्लिप आणतात, तीही घसरते. क्लिपचं काम फक्त धरायचं, सात-आठ इंची बो पेलायचं काम केसांचं. आणि त्या केसांना खाली पायाच घातलेला नसतो. लग्नसराईत लातूर-नांदेडपासून बीडपर्यंत हेच दिसतं, म्हणून एकदा सविस्तर सांगायला हवं.

नुकत्याच धुतलेल्या मोकळ्या केसांवर थेट क्लिप

सगळ्यात जास्त घात करणारी चूक हीच. परभणीकडच्या एका साखरपुड्यातलं उदाहरण घ्या. मे महिना. मुलीने सकाळी केस धुतले, कंडिशनर लावलं, वरून सीरम, मग स्ट्रेटनर. पार्लरवाली म्हणाली, मुळाशी थोडं क्रिंपिंग करू, म्हणजे मशीनने केसांना बारीक चुण्या पाडू. घरच्यांचं उत्तर, "ताई, वेळ नाही, नुसती क्लिप लावून द्या, चालतंय." पैठणीच्या काठाचा आठ इंची बो, मागे ॲलिगेटर क्लिप (लांब जबड्याची, चिमट्यासारखी उघडणारी), खाली सुळसुळीत केस. ओटी भरेपर्यंत बो जागेवर होता. मग पाया पडणं सुरू झालं. एकदा वाकली की बो बोटभर खाली. आजी, आजोबा, मोठे काका, काकू होईपर्यंत तो मानेवर आला. मावशीने आठ काळ्या पिना वरून सरळ खुपसल्या. गुळगुळीत केसांत सरळ घातलेली पिन जशी आत जाते तशीच बाहेर येते. अंगठीच्या फोटोत बो कलंडलेला आहे आणि मुलीचा एक हात डोक्यामागे.

पंधरा मिनिटं दिली असती तर हे टळलं असतं. केस आदल्या संध्याकाळी धुवा. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना नाही. सीरम लावायचंच तर कानाच्या खाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांच्या वरून केस मागे घ्या आणि बो जिथे बसवायचा तिथे मधोमध दोन बोटं जाडीची छोटी पोनी बांधा. बांधण्याआधी तिच्या मुळाशी बारीक कंगव्याने उलटं विंचरा. एक-एक इंचाची बट धरायची, कंगवा मुळाकडे तीन-चार वेळा दाबायचा, बस. बोअरच्या जड पाण्याने केस आधीच राठ झालेले असतात, जास्त विंचरलं की गुंता होतो आणि सोडवताना केस तुटतात.

मग केसांच्या रंगाचं बारीक रबर तीन वेढे घट्ट. क्लिपचा खालचा जबडा या रबराच्या खालून आडवा सरकवायचा, म्हणजे क्लिपला केसांच्या जोडीने रबराचीही पकड मिळते. फ्रेंच क्लिप (मागे कमान दाबून बंद होणारी) असेल तर पोनीच्या वरचे सगळे केस तिच्यात कोंबू नका, कमान मिटताना जोर लावावा लागला तर ती कार्यक्रमात उघडणार. शेवटी दोन काळ्या पिना फुलीसारख्या एकमेकींवरून घाला, नागमोडी बाजू डोक्याकडे. केस फारच मऊ असतील तर पिनेवर आधी हेअर स्प्रे मारून ती सुकू द्या.

घरातून निघण्यापूर्वी तीन वेळा वाकून पाया पडून बघा. आरशासमोर मान हलवून काही कळत नाही.

बो बसतो, पण तोंड पाडतो

क्लिप एका आडव्या रेषेत धरते आणि वजन असतं तिच्या वर. म्हणून बोचा वरचा काठ हळूहळू डोक्यापासून सुटून बाहेर झुकतो आणि मागून पाहिलं तर क्लिपचा पत्रा दिसतो. आणखी क्लिपा लावून हे सुटत नाही. सुई-दोरा घ्या, बोच्या मधल्या गाठीमागे, वरच्या बाजूला, अर्ध्या इंचाचा दोऱ्याचा फासा शिवा. बो लावून झाला की त्या फाशातून एक काळी पिन ओवून ती वरच्या केसांत तिरकी घाला. विकतच्या बोला हा फासा क्वचितच असतो. दोन मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही याचंच वाईट वाटतं.

जागा चुकणे

समोरून बघताना बोच्या दोन्ही पाकळ्या डोक्यामागून इंचभर डोकावल्या की पुरे. त्याहून रुंद असेल तर पातळ केसांवर बो चेहरा झाकोळतो आणि केस आणखीच विरळ दिसतात. पातळ केसांना पाच इंच बस. टाळूवर उभा केलेला मोठा बो चेहरा लांब दाखवतो, कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत मागे घेतला की बहुतेकींना शोभतो. अंबाड्यावर लावायचा तर अंबाड्याच्या वर नको, खाली मानेशी, म्हणजे त्याला टेकायला अंबाडा मिळतो. वेणीत बो मुळाशी. शेवटाला लावला तर चालताना पाठीवर आपटतो आणि वेणी ओढतो.

गजरा आणि मोठा बो एकत्र नको. ओल्या फुलांच्या पाण्याचे डाग सॅटिनवर राहतात.

ओल्या केसांत घट्ट बांधू नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि पोनी वाळल्यावर ढिली पडते.

तेल लावलेल्या डोक्यावर रेशमी बो कधीच नाही. तेलाचा डाग सहजासहजी जात नाही.

स्प्रे आधी, बो नंतर. वरून मारलेल्या स्प्रेचे ठिपके कापडावर उठतात.

स्कूटीवर स्कार्फ बांधून जायचं असेल तर फक्त पोनी आणि पिना घरी करा. बो डब्यातून न्या आणि मंडपात पोचल्यावर लावा.

लहान मुलींच्या डोक्यावर मोठा बो

इथे हौस आवरती घ्यावी. तीन-चार वर्षांच्या मुलीचे केस बारीक असतात आणि बो टिकावा म्हणून आया कपाळावरचे केस खेचून बांधतात. भुवया वर ओढल्यासारख्या दिसल्या तर ते फार घट्ट आहे. असं रोज झालं तर कडेचे केस मुळापासून विरळ होतात. तिला बकरम (आतलं कडक अस्तर) नसलेला, तीन इंचांचा हलका बो द्या, दोन तासांनी काढा. "दुखतंय" म्हणाली की लगेच काढा, आरती संपायची वाट बघू नका.

पैठणीच्या काठाचा बो घरी करताना

सॅटिन रिबिनीची टोकं मेणबत्तीजवळ धरली की वितळून बंद होतात, कारण ती बहुतेक वेळा पॉलिस्टरची असते. तीच युक्ती अस्सल रेशमावर करून आजीच्या पैठणीचा काठ वाया गेल्याचं पाहिलं आहे. रेशीम वितळत नाही, केसासारखं जळतं, काळी कड येते आणि जळक्या केसांचा वास येतो. कडेचा एखादा दोरा काढून आधी जाळून बघा. राख चुरगळली तर रेशीम, टणक गोळी झाली तर पॉलिस्टर. रेशमाची टोकं आत दुमडून हातशिलाई करा. हिमरू कापडाला सुद्धा हेच, त्यात सूतही असतं.

काढताना उलट्या क्रमाने चला. आधी फाशातली पिन, मग फुलीतल्या पिना, मग एका हाताने बो धरून क्लिप, शेवटी रबर. रबर ओढू नका, लहान कात्रीने कापा. उलटं विंचरलेले केस टोकांपासून मुळाकडे, बोटांनीच सोडवत या. पाकळ्यांमध्ये चुरगळलेला कागद भरून बो उभा ठेवा. कपाटात साड्यांखाली दाबला गेला तर पुढच्या लग्नाला पाकळ्या चपट्या निघतील.