जुनाट दुखण्यावर घरच्या घरी टेन्स यंत्र कसे वापरावे

निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांची मान किंवा खानापूर भागात चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्यांची कंबर तीन महिने उलटले तरी दुखायची थांबत नाही, तेव्हा बेळगावात फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ‘करंट’ घेण्याचा सल्ला मिळतो. त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य करंट देणारे, बॅटरीवर चालणारे छोटे टेन्स यंत्र हे त्याच उपचाराचे घरी वापरता येणारे रूप आहे. त्याने दुखण्याचे मूळ जात नाही. यंत्र चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ वेदना दबते, आणि तेवढ्या वेळात चालणे व नेमून दिलेला व्यायाम उरकून घ्यायचा असतो.

त्वचेतून दिलेल्या सौम्य विद्युत स्पंदांनी स्पर्शाच्या नसा जाग्या होतात आणि मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला अडथळा होतो, असे १९६५ मध्ये वेदनेचे संशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार’ सिद्धान्ताच्या आधारे सांगितले जाते. पुरावा मात्र संमिश्र आहे. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात जुनाट प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे दुसऱ्या आजाराने नीट उलगडा न होणाऱ्या दुखण्यासाठी, टेन्स देऊ नये असेच म्हटले आहे. म्हणून आधी दवाखान्यात लावून पाहावे आणि गुण जाणवला तरच पैसे घालावेत.

पेसमेकर किंवा हृदयातील तत्सम यंत्र असणाऱ्यांनी टेन्स वापरू नये. गरोदर स्त्रिया, अपस्माराचे रुग्ण आणि कर्करोग असलेले किंवा पायात रक्ताची गुठळी झालेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीवर, जखमेवर आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर पट्ट्या चिकटवू नयेत, कारण बधिर त्वचेला करंट जास्त झाल्याचे कळतच नाही.

आपल्याकडे दुखऱ्या जागी तेल किंवा बाम चोळण्याची सवय असते, आणि नेमके तिथेच बिघडते. तेलकट त्वचेवर पट्टीची एक कड सुटते, सगळा करंट उरलेल्या भागातून जातो आणि सुई टोचल्यासारखे होते. बामाने तर आधीच त्वचेची आग होत असते. म्हणून ती जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. पावसाळ्यात घामामुळेही पट्ट्या सुटतात, तेव्हा पंख्याखाली बसून मगच लावाव्यात. कंबरेसाठी पट्ट्या मणक्यावर न लावता त्याच्या दोन्ही बाजूंना, तर गुडघ्यासाठी वाटीच्या दोन्ही बाजूंना लावाव्यात आणि त्यांच्यात निदान एक इंच अंतर ठेवावे.

तीव्रता शून्यावर आहे हे पाहूनच यंत्र चालू करावे. सुरुवातीला वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणारे स्पंद, ८० ते १०० हर्ट्झ ठेवावी आणि तीव्रता हळूहळू वाढवत न्यावी. मुंग्या ठळकपणे जाणवल्या पाहिजेत, पण त्या त्रासदायक होऊ नयेत आणि स्नायूही उडू नयेत. काही जण भीतीपोटी ती इतकी कमी ठेवतात की काहीच जाणवत नाही. अशाने गुण येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मुंग्या मंदावल्या, तर तीव्रता किंचित वाढवावी. एका वेळी अर्धा तास पुरतो. २ ते ४ हर्ट्झची, स्नायू थरथरवणारी पद्धत फिजिओथेरपिस्टने दाखवल्यावरच वापरावी. माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते आणि दवाखान्यातले बोलणे कधी कन्नडमध्ये चालते, त्यामुळे आपल्यासाठी ठरवलेले आकडे तिथल्या तिथे मराठीत लिहून घेतलेले बरे.

यंत्र लावून झोपू नये, आंघोळ करू नये, दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवू नये. पट्टीखालची त्वचा लाल होऊन तासाभरानेही तशीच राहिली, तर वापर थांबवावा. पाय लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप येणे किंवा रात्री झोपू न देणारी वेदना होणे, ही लक्षणे दिसताच यंत्र बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

वापर झाल्यावर पट्ट्या वायर ओढून नव्हे, तर कडेला धरून सोडवाव्यात आणि त्यांच्या प्लास्टिकवर परत चिकटवून पिशवीत बंद कराव्यात. चिकटपणा गेल्यावर टेपने बांधून काम भागवू नये, नव्या आणाव्यात.