जाळ्यात व्हेल शार्क आला तर

जाळं जड लागलं की खलाशी खूश होतात. पण ओढताना पाण्याखाली ठिपके दिसले, तर तिथेच हात थांबवा. राखाडी पाठ, तिच्यावर रांगोळीसारखे पांढरे ठिपके, सपाट रुंद डोकं आणि तोंड अगदी पुढे: हा व्हेल शार्क. तो पाणी गाळून बारीक जीव खातो, माणसाला चावत नाही. त्याची शेपटी मात्र भयंकर ताकदीची, तिच्यापासून लांब राहा.

तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, झालो त्या पहिल्याच हंगामात, मालवणसमोर, माझ्या जाळ्यात एक आला. खलाशी ओरडला, "हो मासो नाय, डोंगर आसा!" जाळं नवीन होतं, कर्जाचं होतं. ते कापायची माझी हिंमत झाली नाही. उथळात नेऊन सोडवू असं ठरवलं, शेपटीला दोर बांधला आणि बंदराकडे ओढायला लागलो. अर्ध्या तासात मागचा दोर ढिला पडला. मासा पोट वर करून वाहत होता. मोठ्या मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कल्ल्यांतून पाणी तोंडाकडून मागे जावं लागतं. आम्ही त्याला उलटा ओढत नेला आणि पाण्यातच गुदमरवून मारला. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तो जगला असता, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

सगळ्यात आधी इंजिन न्यूट्रलला घ्या आणि जाळं ओढणं बंद करा. ताण पडला की मासा फिरतो, आणि फिरला की आणखी गुरफटतो. मग डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघा. कापायला सुरुवात कल्ल्यांजवळून, शेपटीकडून नाही. सुरीचं पातं माशाच्या अंगाकडे नको, बाहेरच्या बाजूला धरा. एकाने जाळं उचलून धरायचं, दुसऱ्याने कापायचं. पाण्यात कुणी उतरायचं नाही. गळ टोचायचा नाही, कल्ल्यांत हात घालायचा नाही, शेपटीला दोर तर मुळीच नाही. शेवटचा पदर सुटला की मासा थोडा वेळ जागीच तरंगेल. घाई करू नका, तो आपला आपण खाली जाईल. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, आला असेल तर त्याला वाळूवर घेऊच नका. कल्ले पाण्यातच राहू द्या, जाळ्याचं तोंड उघडा आणि डोकं समुद्राकडे होईल असं बघा.

आमच्या होडीवर एक धारदार सुरी नुसती ह्याच कामासाठी आहे. ती माझ्या हाताशी असते, खालच्या डब्यात नाही.

आता पैशांचं. जाळं म्हणजे आपलं पोट, हे मला कुणी सांगायला नको. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पण पुरावा लागतो. एका खलाशाच्या हातात फोन द्या आणि त्याला तेवढंच काम सांगा: अडकलेला मासा, जाळं कापताना, मासा सुटून जाताना, आणि शेवटी फाटलेलं जाळं. किनाऱ्याला लागलात की त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला कळवा. मी दुसरा मासा सोडला तेव्हा एकही फोटो काढला नव्हता, त्यामुळे अर्जच करता आला नाही.

"पकडला तर काय होतं?" असं तरुण पोरं विचारतात. २००१ पासून हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे निदान तीन वर्षांचा तुरुंग. पण तुरुंगाच्या भीतीने हात नीट चालत नाही. गुजरातेत वेरावळच्या बाजूला पूर्वी ह्या माशाची शिकार व्हायची, यकृताचं तेल होड्यांना लावायचे. २००४ मध्ये रामकथा सांगणाऱ्या मोरारीबापूंनी तिथे सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ज्यांनी गळ मारले होते, तीच माणसं मग जाळी कापायला लागली. १९९५ मध्ये तैवानजवळ एक मादी सापडली, तिच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं होती. असा एक मासा वयात यायला पंचवीस-तीस वर्षं जातात. आणि त्याला हद्द नसते. एका देशाने सोडायचा आणि पुढच्याने मारायचा, तर उपयोग शून्य. म्हणून २००२ मध्ये चिलीतल्या सान्तियागोच्या बैठकीत तो साइट्स करारात घेतला गेला. वन्य जिवांच्या देशोदेशींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा हा करार. हातोड्यासारख्या डोक्याच्या तीन मुशी २०१३ मध्ये बँकॉकच्या बैठकीत त्यात आल्या.

आपल्याकडे २०१५ पासून कुठल्याच मुशीचे पर, म्हणजे पोहायचे पंख, परदेशी पाठवता येत नाहीत. तरी "पर वेगळे काढून ठेवा" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मुशी उतरवायची तर परांसकट, अख्खी. आणि मोरीची, म्हणजे लहान मुशीची, वीतभर पिल्लं जिवंत वर आली तर लगेच पाण्यात टाका. टोपलीत त्यांचे चार पैसे होत नाहीत.

एक फोटो माझ्यासाठी म्हणून काढा: डावी बाजू, कल्ल्यांच्या मागचे ठिपके. प्रत्येक व्हेल शार्कची तिथली ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. अभ्यास करणाऱ्यांना त्यावरून तोच मासा पुन्हा ओळखता येतो. माझ्या फोनमध्ये आतापर्यंत दोघांचे आहेत.